क्रिमिया खिंडीतली तीन मिनिटं

मेरवेनची ट्रायम्फ हेरल्ड, मॉडेल पासष्टचं,
माझ्या गॅरेजात कधीच बंद पडली नाही.
दातांच्या डॉक्टरच्या पायरीवर दुखणं पळून जावं
तशी ती यायची, साळसूद,
आणि मी बॉनेट उघडून कान लावला की
शिवणयंत्रासारखी एका सुरात चालायची.

बंद पडायची ती वर, खिंडीत,
जिथे ब्लायनाय गावचे पाटीच्या दगडाचे ढिगारे संपतात
आणि रस्ता मेंढ्यांच्या मालकीचा होतो.
धक्का नाही, खोकला नाही.
कुणी खोलीतून जाताना दिवा मालवावा, तसं.
तीन मिनिटांनी किल्ली फिरवली की
काही झालंच नव्हतं.

सात आठवडे मी एक ठिणगी शोधत होतो.
कॉइल बदलली; नवी जुनीहून वाईट निघाली.
अर्थिंगची पट्टी घासून घासून चांदीची केली.
मुलीचा केस वाळवायचा पंखा आणून
इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या काळ्या डबीला ताप चढवला,
मग गोठवलेल्या वाटाण्यांची पिशवी ठेवून उतरवला.
(वाटाणे शनिवारी ताटात आले. ग्वेनलियन काही बोलली नाही.)
ठिणगी निळी. जाड. बिनचूक.
आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी
आणि बंबावर घंटा वाजवत मी,
इथेल प्रिचर्ड, वय एकाहत्तर.

"गरम होत असणार," मी मेरवेनला ठासून सांगितलं,
"पडली बंद, की तीन मिनिटं निवू दे."
ती निवू द्यायची.
चाळीस वर्षं खाणीच्या कचेरीत
किती पाट्या चिरल्या, किती फुटल्या, लिहीत आलेली बाई;
थांबायचं तर तिनं वही काढली.

*मंगळवार. ९.४०. तिसरं वळण. थंडी.*
*मंगळवार. ९.४३. माथा. ऊन. पाय सैल केला तेव्हा.*
*मंगळवार. ९.४१. पाऊस. चढताना नाही.*
*पाय सैल केला तेव्हा.*

मी चष्मा पुसला.
चढताना नाही.
चढ संपला, आता जरा सुटलो म्हणून
पाय सैल केला, तेव्हा.

पाय सैल झाला की इंजिन आत श्वास ओढतं.
त्या ओढीनं एक बारीक नळी
डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली तबकडी फिरवते,
फार नाही, नखभर.
तबकडीवर सेन्सर, सेन्सरच्या दोन वायरी.

मी मीटरचे चिमटे लावले. पीं... अखंड.
नळी काढून तोंडात धरली, पेट्रोलची कडू चव,
आणि ओढली.
पीं गेली.
सोडली. पीं.
ओढली.
गॅरेजात फक्त पन्हाळीचं टपटप.

वायर वरून धडधाकट. लाल कातडी अखंड.
आत तांब्याचे केस सगळे तुटलेले,
टोकाला टोक टेकवून उभे,
भांडण झालेलं जोडपं फोटोसाठी उभं राहतं तसे.
आणि ती वायर सहा वर्षांपूर्वी
मीच बसवली होती. मीच ताणून बांधली होती,
लोंबती वायर मला बघवत नाही म्हणून.
नखभर हलायला तिला नखभर ढील हवी होती.

नवी टाकली. मऊ, थोडी लोंबती.
हात दोनदा पुढे गेला तिला आवळायला.

मेरवेनला सगळं सांगितलं, ताणून बांधलेलंही.
"म्हणजे निवण्याचा काही संबंधच नव्हता?"
"नव्हता. लगेच चालू झाली असती."
तिनं हिशेब केला. खाणीची सवय.
"सतरा वेळा," ती म्हणाली. "एकावन्न मिनिटं."
मी बिलातून पंखाही वगळला, वाटाणेही.

वही सीटवर राहिली होती, परवा दिसली.
बंद झालेली नाही.

*मंगळवार. ९.४१. काही नाही.*
*मंगळवार. ९.४०. काही नाही. धुकं.*
*मंगळवार. ९.४२. काही नाही. मेंढ्या अकरा,*
*एक लंगडी.*